गुरुसिद्धप्पाचा परवाना आणि माझं कण्हणं

कायदा म्हणजे काय, हे अख्ख्या शुक्रवार पेठेत एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी! दुसरं कुणी हे सांगत नाही, म्हणून मला सांगावं लागतं.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. गुरुसिद्धप्पा माझा शेजारी. गिरणीत पट्ट्यात सापडून त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला. मग तो सात रस्ता चौकाजवळच्या एका दुकानात हातमशीनवर चादरींचे काठ शिवू लागला. हातानं चालवायची तीनचाकी सायकल दुकानासमोर उभी करायला त्याला अपंगांचा परवाना होता. त्या साली मुदत संपली, त्यानं पालिकेच्या कचेरीत नवा अर्ज दिला आणि नकार आला. कारण काय, तर ‘अर्जदार स्वतः जिना चढून कार्यालयात हजर झाला. सबब अपंगत्व दिसून येत नाही!’

आता कचेरी वरच्या मजल्यावर, आणि अर्ज समक्षच द्यायचा! बिचारा कुबड्या टेकत, पालीसारखा भिंतीला चिकटत वर गेला होता. कचेरीला ती गिर्यारोहण मोहीम वाटली.

तिसऱ्याच दिवशी सायकल जप्तीच्या गाडीत गेली. दंड भरून ती सोडवून आणली, तर दुकानमालक म्हणाला, “परवाना आण, न्हाईतर घरी बस.” गुरुसिद्धप्पाची बायको शरणम्मा कडक भाकऱ्या करून विकायची, पण तेवढ्यावर घर कसं चालणार?

“गुरुसिद्धप्पा, एका फेरीत परवाना आणतो!” मी छातीवर हात मारला.

“जपून बरं,” आमची बायको आतून म्हणाली. “रेशनकार्डावरचं आडनाव दुरुस्त करायला गेलात आणि माझंच नाव उडवून आलात!”

दुसऱ्या दिवशी गुरुसिद्धप्पाला सायकलवरच कचेरीच्या आवारात ठेवून मी एकटा वर गेलो. खात्याचे साहेब हिंदुराव पान लावत बसले होते.

“अर्जदार कुठाय?”

“खाली. त्याला पाय नाही.”

“मग वर आणा.”

“वर आला की तुम्ही म्हणता पाय आहे!”

“आणि नाही आला तर अर्जदारच नाही, असं म्हणावं लागेल.”

“साहेब, निदान खिडकीतून बघा!”

हिंदुरावांनी मान बाहेर काढली. “बसलेला दिसतोय. मीही बसलोय. मला द्याल का परवाना?”

“मग खाली चला!”

“असं कसं बोलता हो?” साहेब दुखावले. “माझे गुडघे किती दुखतात!”

पण मी हार मानणारा नव्हतो. स्वतः चढायचं नाही, पण हजर तर व्हायचं. म्हणजे उचलून न्यायचा! फाटकाबाहेरच्या टांगेवाल्या मौलाला हाक मारली, चहाच्या टपरीवरची खुर्ची मागून आणली आणि तिच्यात गुरुसिद्धप्पाला बसवला.

“नको की ओ आबासाहेब! मी आपला कुबडीवर येतो की.”

“खबरदार! एक पायरी चढलास की तुला पाय फुटला!”

मौलानं पुढून खुर्ची धरली, मी मागून. कुबड्या गुरुसिद्धप्पाच्या मांडीवर. मिरवणूक निघाली. जिन्यावरच्या शिपायाला वाटलं, नवे साहेब आले! त्यानं कडक सलाम ठोकला. सलाम बघून लोक धावले. एकजण “आमच्या नळाचं बघा साहेब!” म्हणत पाया पडायला वाकला आणि उजवा पायच सापडेना म्हणून खुर्चीच्या पायाला पडला!

“बगतो की,” गुरुसिद्धप्पा घाबरून म्हणाला.

“बाजूला व्हा! हे साहेब नाहीत!” मी दोन्ही हात उंचावून ओरडलो. दोन्ही हात! खुर्ची तिरकी झाली. गुरुसिद्धप्पानं चपळाईनं कठडा धरला, मौलानं खुर्ची धरली. मला मात्र कुणीच धरलं नाही. मी सुतळी सुटलेल्या चादरींच्या गठ्ठ्यासारखा पायऱ्या मोजत थेट तळाला!

“या अल्ला!” मौला ओरडला.

घोटा भोपळ्याएवढा फुगला. गुरुसिद्धप्पा एका पायावर टणाटण उतरत आला. “लई लागलं का ओ?” एक कुबडी त्यानं मला दिली, दुसरी स्वतः घेतली. रागानं माझं डोकं फिरलं होतं. “तक्रार करायची ती आत्ताच!” मी गरजलो. एका काखेत कुबडी, दुसरीकडून मौला, असा मी कण्हत विव्हळत वर पोहोचलो. मागून गुरुसिद्धप्पा गुमान चढला.

मला पाहून हिंदुराव चक्क उठून उभे राहिले!

“अरेरेरे! बसा, बसा! पाणी आणा रे!” मग गुरुसिद्धप्पाकडे बोट दाखवून म्हणाले, “हे बघा, पुन्हा चढून आले, तोंडातून हूं नाही की चूं नाही. आणि अपंग माणूस असा असतो!” ‘असा’ म्हणजे मी! त्यांनी तिथल्या तिथे परवाना लिहिला. माझ्या नावावर!

“साहेब, पण माझ्याकडे गाडीच नाही!”

“गाडी आहे का, हे विचारायची नियमात तरतूद नाही.”

या निर्णयाला आव्हान देण्यासाठी मी तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुसिद्धप्पानं मला करकचून चिमटा काढला. “घ्या की ओ, आबासाहेब!”

घेतला. सायकलवर आता माझ्या नावाचा पत्रा लागलाय. दुकानमालक खूश, शरणम्मा खूश. फक्त तपासनीस आला की मला माझ्या ऑफिसातून लंगडत सात रस्त्याला जावं लागतं. घोटा केव्हाच बरा झाला, पण ते बोलायची सोय नाही. पेठेत सगळे विचारतात, “बरं वाटतंय ना?” एकटी शरणम्मा आशेनं विचारते, “अजून दुखतंय की ओ?”

परवा पुन्हा नूतनीकरण आहे. गुरुसिद्धप्पानं बजावलंय, “तवासारकं कण्हा बगा. लई ब्येस कण्हला होता.” म्हणून सकाळपासून आरशासमोर कण्हतोय. बायको आतून म्हणते, “अहो, यात दम नाही. थांबा, जिन्यावरून ढकलायला येऊ का?”