'अ' नसलेला फ्यू

कळंबच्या येसाजीला इंग्रजी येत नाही, असं म्हणायची गावात कुणाची टाप नव्हती! औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की पंपाच्या खोक्यावरचा मजकूर, येसाजी चष्मा लावायचा, घसा खाकरायचा आणि अर्थ सांगून मोकळा व्हायचा. कुणी शंका काढलीच, तर छाती फुगवून म्हणायचा, "आमाला शकूर सरांनी शिकवलंय. फुकट नाय!"

शकूर सरांनी गावच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. रोज नेरळहून सायकलवर यायचे, पॅन्टीला क्लिपा लावून. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडं पनवेलला गेले. यंदा त्यांना ऐंशी पूर्ण झाली, तेव्हा त्यांच्या नातीचा, शगुफ्ताचा, येसाजीला फोन आला.

"अंकल, आजोबांना जुने विद्यार्थी भेटवायचेत. रविवारी तुमच्या खळ्यावर जेवण ठेवू या? सगळ्यांना निरोप मी पाठवते."

येसाजीला आभाळ ठेंगणं झालं. मांडववाल्याकडून पन्नास खुर्च्या आल्या, लग्नातला मोठा टोप आला, भाकऱ्या भाजायला शेजारच्या हिरूला सांगून झालं.

शनिवारी सकाळी शगुफ्ताचा मेसेज आला. 'फ्यू स्टुडंट्स आर कमिंग, अंकल. लंच अॅट वन.'

येसाजीनं तो वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मटकन ओट्यावर बसला.

"काय झालं वो?" त्याची बायको जिजा बाहेर आली.

"'अ' नाय गं!"

"कोन नाय?"

"फ्यूच्या आधी 'अ' नाय!"

जिजाला काय कळणार? येसाजीला मात्र नववीचा वर्ग लख्ख दिसला. सरांनी फळ्यावर खडूनं दोन आंब्याची झाडं काढली होती. एकाला हाताशी चार आंबे. "हे 'अ फ्यू'. थोडे आहेत, पण आहेत. खा!" दुसऱ्याला पार शेंड्यावर दोन. "हे नुसतं 'फ्यू'. नसल्यातच जमा. तोंडाला पाणी सुटेल, हाताला काही लागणार नाही." ती झाडं पुसायला दोन दिवस कुणाचा जीव झाला नव्हता.

"म्हंजे कुनीच येत नाय, जिजा. सव्वीस वर्षं शिकवलं मानसानं आन..."

"अवो, पोरीला इचारा की, किती जन हायत."

"काय इचारू? तुज्या आजोबाला लोकं इसरली का, असं?"

आता एकच काम उरलं होतं. सरांना हे कळू द्यायचं नाही! रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर म्हाताऱ्या माणसाच्या घशाखाली घास उतरेल? येसाजीनं आठ खुर्च्या ठेवून बाकीच्या परत धाडल्या. मोठा टोप गेला. हिरूला येऊ नको म्हणून सांगितलं. आणि संख्या वाढावी म्हणून चौथीतच शाळेला रामराम ठोकलेल्या गजाला इस्त्रीचा सदरा घालून उभा केला.

"तू फकस्त 'येस सर' म्हनायचं. कळलं?"

"येस सर!" गजा म्हणाला.

रविवारी पाऊण वाजता शगुफ्ताची गाडी आली. काठी टेकत सर उतरले. येसाजी पाया पडतोय तोवर मागून धुरळा उठला. मोटारसायकली, रिक्षा, वर एक आख्खा टेंपो! गुळाच्या ढेपेवर मुंगळे यावेत तशी माणसं उतरायला लागली. टक्कल पडलेली, पोट सुटलेली, नातवंडं झालेली. मोजली तर त्रेचाळीस!

दारात जिजा उभी होती. तिनं माणसांकडं पाहिलं, मग हातातल्या पातेल्याकडं, मग नवऱ्याकडं. ती नजर कुठल्याच भाषेत सांगण्यासारखी नव्हती.

इकडे सर गजापाशी थांबले. "तू कुठल्या वर्षीचा रे?"

"येस सर!"

"नाव काय तुझं?"

"येस सर!"

"येसाजी," सरांनी चष्म्यावरून पाहिलं, "हा काय प्रकार आहे?"

येसाजीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. मेसेज, 'अ', खुर्च्या, गजा.

"आजोबा, मी घाईत टाइप केलं हो!" शगुफ्तानं जीभ चावली.

सर सगळ्यांकडं वळले. "'फ्यू' आणि 'अ फ्यू'मधला फरक कोण सांगेल? हात वर!"

त्रेचाळीस मुंड्या खाली! एक बँकेतला साहेब तर टेंपोच्या आड सरकला.

"सव्वीस वर्षं घसा फोडला," सर म्हणाले. "एकाच्याच डोक्यात राहिलं, आणि त्यानंच उपाशी ठेवलं!" आणि ते डोळ्यांतून पाणी येईतो हसले. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे येसाजीला कळलं.

तोवर जिजानं पदर खोचला होता. गजा टोपली घेऊन घरोघर फिरला. कुठून भाकऱ्या आल्या, कुठून वालाचं बिरडं, हिरूनं रुसवा सोडून सुकटीचं कालवण धाडलं. खुर्च्या आठच, म्हणून सारे खळ्यावर मांडी घालून बसले, वर्गात बसायचे तसे, ज्याच्या त्याच्या बाकावरच्या जुन्या शेजाऱ्यापाशी. पाच मिनिटांत मागच्या रांगेतून खोड्याही सुरू झाल्या.

येसाजी भात घेऊन सरांपुढं वाकला. "वाढू, सर?"

"थोडा."

येसाजीचा हात हवेतच थांबला. "थोडा म्हंजे किती, सर?"

सरांनी त्याचं मनगट धरलं. "आता अर्थ विचारू नकोस, बाळा. वाढ."

येसाजीनं भरल्या डोळ्यांनी डाव पातेल्यात खुपसला. तेवढ्यात चुलीपासून जिजा ओरडली, "मोजून वाढा वो! अजून सतरा पानं कोरडी हायत!"