झाकण उघडून बघणारे बिडकर

भूगावच्या आमच्या सोसायटीत सकाळी फिरणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. एक, दुसऱ्यांच्या झाडांची फुलं आपल्या देवासाठी तोडणारे. दुसरे बिडकर. बिडकर ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं उघडून आत बघतात. हातात टोकाला वाकवलेली लोखंडी सळई असते. झाकण उचलायचं, वाकायचं, दोनदा हुंगायचं, "हं" म्हणायचं आणि झाकण लावून पुढच्या चेंबरकडे जायचं.

नव्याने राहायला आलेल्यांना ते प्लंबर वाटतात. एका बाईंनी त्यांना घरात बोलावून तुंबलेलं सिंक दाखवलं. बिडकरांनी ते खपून मोकळं केलं आणि निघताना म्हणाले, "तळणीचं तेल ओतत जाऊ नका. त्यांना पचत नाही."

"कुणाला?"

"जिवाणूंना."

बिडकरांची सगळी नोकरी सांडपाण्यावरच्या संशोधनात गेली. निवृत्तीनंतर इथे फ्लॅट घेताना बाकीचे लोक गच्चीतून डोंगर बघत होते; बिडकरांनी बिल्डरला सांडपाण्याचा प्लांट दाखवायला सांगितला. प्लांट म्हणजे मागच्या गेटाशेजारचे हौद. एकात सतत हवा सोडलेली असते आणि चॉकलेटी पाणी फसफसत असतं. त्यातले जिवाणू आमची घाण खातात, आणि निवळलेलं पाणी बागेला जातं. बिडकर त्यांना 'आपली मंडळी' म्हणतात. कुणी संडासात ॲसिड ओतलं की त्यांना हौदाकडे बघून कळतं, आणि मग ते दारोदार जातात. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाला त्यांनी दारातच सांगितलं, "काल आपली निम्मी मंडळी गेली."

तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अरेरे. कुठल्या विंगमधली?"

सोसायटीच्या सभेला ते काचेची उंच नळी घेऊन येत. हौदातलं पाणी तीत भरून चेअरमनच्या पुढ्यात, वेफर्सच्या बशीशेजारी ठेवत आणि म्हणत, "अर्ध्या तासात गाळ कसा बसतो ते बघा. मग बोलू." सगळे नळीकडे बघत बसत. इतकी शांत सभा आपल्याकडे कधी झाली नव्हती, असं माझा नवरा सुरेश म्हणायचा. बिडकर त्याला फार आवडत.

बिडकर चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. त्यांच्या पत्नी मालतीबाई आम्ही इथे येण्याआधीच गेल्या. बाल्कनीत कुंड्यांच्या जागी काचेच्या बरण्या आहेत. प्रत्येकीत हौदातलं पाणी आणि माशांच्या टाकीत असतो तसा हवेचा छोटा पंप. काही बरण्यांना खाणं मिळतं, काहींना ते मुद्दाम उपाशी ठेवतात. उपाशी जिवाणू किती तग धरतात आणि पुन्हा कसे उभे राहतात, हे त्यांचं सध्याचं संशोधन. त्याचा उपयोग दिवाळीत होतो. सोसायटी गावाला जाते, हौदात खायला काही येत नाही. मग बिडकर मागे राहतात आणि हौदात गुळाचं पाणी ओततात.

प्लांट चालवणारा नामदेव शेजारच्या भुकूम गावचा. त्याला हे कधीच पटलेलं नाही.

"सर, ह्यांना गूळ चारताय आन् मला बिनसाखरेचा च्या."

"तुला डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग ह्यांचा डॉक्टर कोन हाय?"

"मी."

सुरेश गेल्या भाद्रपदात गेला. मुलगा आला, दिवस करून परत गेला. "चल माझ्याबरोबर," म्हणत होता. मी "नंतर" म्हटलं. दिवाळी आली. दुखवट्याच्या घरात फराळ नव्हता, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. कामाच्या बाईंनाही मी रजा दिली. स्वयंपाक मी ठरवून सोडला नव्हता. एकटीसाठी कुकर काय लावायचा, असं आज वाटलं, उद्या वाटलं. चहा-बिस्किटांवर भागायला लागलं. मग बिस्किटंही नकोशी झाली. उठताना भिंत धरावी लागायची. फोनवर मुलाला "जेवले" सांगणं सोपं असतं.

पाडव्याला सकाळी बेल वाजली. दारात बिडकर, हातात झाकलेलं पातेलं. मागे नामदेव.

"वहिनी, तुमचं चेंबर कोरडं आहे."

"तुंबलंय का?"

"तुंबलेलं काढता येतं. कोरडं आहे. तळमजल्याच्या स्वयंपाकघराची नळी वेगळी जाते, म्हणून कळतं. कप विसळल्याइतकं पाणी येतं. अन्नाचा कण नाही. मी रोज बघतोय."

"जेवते मी."

"चेंबर तसं म्हणत नाही."

नामदेवला राहवलं नाही. "आवो सर, सनासुदीचं बाईमानसाला गटाराचं सांगत्यात व्हय?"

बिडकरांनी पातेलं ओट्यावर ठेवलं. आत मुगाची पातळ खिचडी होती. "दोन चमचे आत्ता, दोन संध्याकाळी," ते म्हणाले. "उपाशी राहिलेल्यांना एकदम भरपूर द्यायचं नाही. थोडं, आणि रोज त्याच वेळेला. मग वाढवत न्यायचं. हवा मात्र चालू पाहिजे." मग त्यांनी भाद्रपदापासून बंद असलेली माझी खिडकी उघडली. कडी जाम झाली होती. नामदेवने हात लावला.

"हे बरण्यांवरून काढलंत वाटतं," मी म्हटलं. मला जरा रागच आला होता.

"बरण्या नंतरच्या." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "मालती गेली त्या वर्षी माझाही ओटा असाच होता. पण आम्ही चौथ्या मजल्यावरचे. वरच्या सगळ्यांच्या नळ्या एकाच पाइपात मिळतात. खालून कुणाला कळण्यासारखं नव्हतं."

तक्रार नव्हती. नळ्यांची रचना समजावून सांगावी, तसं ते सांगत होते.

ते गेल्यावर मी दोन चमचे खाल्ले. मीठ जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूठभर तांदूळ काढले. धूत होते, तेव्हा उघड्या खिडकीतून सळईचा आवाज आला. माझ्या चेंबरचं झाकण उचलून बिडकर आत बघत उभे होते. मी तांदळाचं पाणी सिंकमध्ये ओतलं. ते खाली पोचायला जरा वेळ लागला. बिडकर वाकले, "हं" म्हणाले, झाकण लावलं आणि पुढच्या चेंबरकडे गेले.