पार्बताबाईची बातमी

पार्बताबाई कुणाच्याही घरी गेली, की चहा येताच कप तिरपा करून घडण कशी आहे म्हणून त्याचं बूड पाहते. आधी चहा पिऊन घ्यावा, एवढा धीर तिला नाही. आमच्या सोफ्यावरचे दोन डाग तिचेच. बँकेचे नवे साहेब आमच्याकडे आले, तेव्हा तर तिनं त्यांच्याच हातातला कप कलता केला. "बूड पाहू द्या, साहेब. तोंड तं सगळेच धुऊन येतेत." साहेब पँट पुसत राहिले.

आता तिला कुणी बोलत नाही. तिच्या नक्षीची भांडी नागपूरच्या मोठ्या दुकानांत काचेआड असतात. ती भांडी विकणारे कंपनीवाले मोटार घेऊन पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत येतात आणि ही त्यांना अंगणात बसवून ठेवते. "थांबा जरा. भाजी करून राहिली मी."

सौंसरकडच्या वीटभट्टीवर विटा थापणारी ही पोर लग्न होऊन आमच्या शेजारी आली. नवरा सुखदेव कुंभार. बोलायचा कमी, चाक मात्र सुरेख फिरवायचा. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. मग ही ओल्या मडक्यांवर बाभळीच्या काट्यानं नक्षी काढू लागली. कपाशीचं बोंड, संत्र्याचं फूल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत रोवतात तो पळस. सासू ओरडायची, "मडकं हाय का नवरी हाय थे?" सौंसरच्या बाजारात नागपूरच्या एका दुकानवाल्या बाईनं ती मडकी पाहिली आणि होती तेवढी सगळी उचलली. तिथून धंद्याची गाडी चालू लागली.

मग बातमी घ्यायला पेपरवाला आला. "किसने बनाया?" त्यानं विचारलं.

"मैंने," पार्बताबाई म्हणाली. सुखदेव तिथंच चाकावर बसला होता.

बातमी फोटोसकट आली. गल्लीत उभं राहून मीच ती मोठ्यानं वाचली. सुखदेवचं नाव तीत नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. सगळ्यांबरोबर तोही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून चाकावर बसला नाही. "कंबर दुखते," म्हणायचा. मडक्यांसाठी कंपनीचे साचे आले, काम अडलं नाही. दोन वर्षांमागे तो गेला.

यंदा पोळा झाल्यावर ती माझ्याकडे आली. "गुरुजी, पेपरवाल्यायले चिठ्ठी लिहा. लिहा का मडके माह्या घरच्यायनं घडवले, मीनं निस्ती नक्षी काढली. तवा बोलाचं राहून गेलं."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"आता तं आता."

मी लिहिलं. नवऱ्याचं नाव ती घेत नाही, पण त्याचं नाव असलेली ओळ तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

चिठ्ठी छापून आली नाही. मी फोन केला, तर तिकडून कुणीतरी म्हणालं, "इसमें खबर क्या है?"

हे मी तिला सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती कुंपणापाशी येते. "आलं का, गुरुजी?"

"जागा नसन त्यायच्यापाशी," मी म्हणतो.

ती मान हलवते. "रविवारी देतीन. रविवारचा पेपर मोठा राह्यते."