खारट वासाची गोणी

चौसाळ्याच्या हायवेवर पंक्चर काढणारे ढीगभर आहेत. पण पंक्चर काढून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या हातात रिकामी गोणी देणारे एकटे रशीदभाई.

"कुटं चाललाव?" हवा भरता भरता ते विचारणार. तुळजापूर म्हणालात तर सुटलात. कोकण म्हणालात की मेलात! "गाडी वाळूवर घालायची न्हाई. आन् तुमचा कचरा ह्या गोणीत भरून वापस आणायचा. हितं, माज्यापाशी."

समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर, आणि काळजी या बाबाला! गाव हसतं.

मागच्या वर्षी मीही आगाऊपणा केला. मी इथल्या शाळेतला मास्तर, म्हणजे अक्कल जरा जास्तच. कोकणातून हात हलवत आलो आणि गावातल्याच एका मांडवामागच्या बाटल्या गोणीत भरून नेल्या. रशीदभाईंनी एक काढून नाकाला लावली.

"ह्याला खारट वास न्हाई. वांग्याच्या भाजीचा यायलाय. कावून खोटं बोलायलाव, मास्तर?"

पाचवीतल्या पोरासारखा मी खाली मान घालून उभा.

त्यांची सलमा, माझीच विद्यार्थिनी, किनाऱ्यावरच्या एका शहरात दिली आहे. तिथं हॉटेलांनी सुरूची झाडं तोडली, पर्यटकांच्या गाड्यांनी वाळूचे उंचवटे सपाट केले, आणि पाणी दर पावसाळ्यात तिच्या घराकडे सरकायला लागलं. उंबऱ्यापासून भरतीच्या पाण्यापर्यंत किती पावलं, ते ती दर महिन्याला फोनवर सांगते. रशीदभाई दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहितात. साठ, पन्नास, पंचेचाळीस. गेलं वर्षभर मात्र चाळीसच.

स्वतः एकदाही गेले नाहीत. अहो, जन्मभर गाड्यांची चाकं नीट करणाऱ्या या माणसाला गाडीत बसलं की उलट्या होतात! एकदा निघाले होते, ते मांजरसुंब्याच्या घाटातून चालत परत आले.

या दिवाळीत मी पुन्हा निघालो. त्यांनी गोणी दिली, सलमासाठी काळा मसाला दिला. "पावलं तुमी मोजा."

भरतीच्या वेळी मोजली. सोळा. परत फिरून मोजली, सोळाच.

सलमा दारात उभी होती. "सर, अब्बाला चाळीसच सांगा. तितं बसून काय करतेल ते? जेवण टाकतेल."

परत आलो, तर रशीदभाई खडू घेऊन उभेच. मी गोणी ठेवली. या वेळी खरी, किनाऱ्यावरची.

"किती?"

"चाळीस," मी गोणीकडे बघत म्हणालो.

गोणी त्यांनी हुंगलीच नाही. माझ्याकडे बघत राहिले.

"मागच्या बारीला बी असंच खाली बघून बोललताव," ते हळूच म्हणाले. खडू खिशात टाकला, भिंतीवर काहीच लिहिलं नाही.

"मास्तर, गाडीत उलटी हुऊ न्हाई म्हणून गोळी भेटती म्हणं. कंची हो ती?"

आणि एक रिकामी गोणी नीट घडी करून त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली.