रैनूभाऊंचा पुलापलीकडचा विमा

रैनूभाऊ मडावींच्या घरात शिरायचं तर आधी दांड्यापाशी थांबावं लागतं. अहेरीत आलापल्ली रस्त्याला त्यांचं कौलारू घर. अंगणाच्या तोंडाशी आडवा बांबू बसवलेला, त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला, अगदी जंगलखात्याच्या नाक्यावर असतो तसा. तुम्ही थांबलात की आतून आवाज येतो, "कुठून? कुठी? माल का हाये?" उत्तर पटलं तर दोरी सुटते, दांडा वर जातो आणि वहीत नोंद होते. माझी पहिली नोंद मी स्वतः वाचली आहे : "विमावाला एक. माल : कागद. बोलणे : जास्त." तिच्या वरची नोंद शेजारच्या पोचूबाईच्या शेळ्यांची होती. "शेळ्या चार. कुठी : माझ्या वांग्यात. परत पाठवल्या."

बत्तीस वर्षं या माणसानं जंगलखात्याच्या नाक्यावर दांडा खाली-वर केला. वाहतूक परवाना नसेल तर सागाची काडी पुढे जाऊ दिली नाही. एकदा म्हणे एक वरात अडवून त्यांनी नवरदेवाच्या पाटाचा परवाना मागितला होता. मी खरं-खोटं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "पाट सागाचा होता ना जी."

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर ब्लडप्रेशर मोजतात. यांनी घरी येऊन दांडा बसवला. काकू होत्या तोवर त्या कमरेवर घागर घेऊन खुशाल दांड्याखालून वाकून जायच्या आणि आतून ओरडायच्या, "लिवा, बायको एक!" गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या.

त्यांची एकुलती एक लेक सुमन. आठ वर्षांपूर्वी घरात न सांगता एका तेलुगू पोराशी लग्न करून ती प्राणहिता नदीच्या पुलापलीकडे, तेलंगणात राहायला गेली. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं नव्हतं. आई वारली तेव्हा आली, चार दिवस राहिली आणि निघताना म्हणाली, "बाबा, उन्हाळ्याचे दोन महिने माह्याकडं या." रैनूभाऊ म्हणाले, "गाडीचे कागद झाले का येतो."

गाडी म्हणजे त्यांची वीस वर्षांची स्कूटर. ती आजवर आलापल्लीच्या पुढे गेली नव्हती. मी म्हटलं, बसनं जा ना. तर म्हणाले, "बसनं गेलेला पाहुना बसच्या टायमावर निघते. आपली गाडी दारात असली, आन् पोरीच्या तोंडावरून समजलं का आता बस झालं, त मी लगेच निघू शकतो." म्हातारा लेकीकडे जातो की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि विमा एजंट म्हणून तो नेमका माझ्या गळ्यात पडला.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "रैनूभाऊ, हा विमा भारतभर चालतो."

"भारत राहू दे. नदीच्या तिकडं चालते का?"

"तिकडंही भारतच आहे."

"हे तुले माईत हाये बाबू. तिकडच्या नाक्यावाल्याले कोन सांगन?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी काढली. रस्त्यात काय काय होऊ शकतं याची ती यादी होती आणि बत्तीस वर्षं जंगलात काढलेल्या माणसानं केलेली असल्यामुळे तिला हसायचीही सोय नव्हती. वाघ. अस्वल. मोहाखाली गाडी उभी केली आणि फांदी पडली. मग आला हत्ती.

"हत्तीनं गाडी तुडवली त?"

"मिळेल भरपाई."

"असा ना सांगू. हत्ती छत्तीसगडातून येते. गाडी महाराष्ट्राची. तुडवली समजा तेलंगणात. मंग कोनतं सरकार येइन?"

मी म्हटलं, सरकार येत नाही, कंपनी येते. त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मला माझ्याच धंद्याची शंका आली. शेवटी मी चंद्रपूरच्या ऑफिसात फोन लावला. साहेब आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "हत्ती नक्की छत्तीसगडचाच आहे का?"

त्यानंतर पूल आला. पुढचं चाक तेलंगणात आणि मागचं महाराष्ट्रात असताना धडक बसली, तर कोणत्या चाकाचा विमा धरायचा? त्यासाठी त्यांनी मला उन्हातान्हात पुलावर नेलं आणि मधोमध स्कूटर उभी करून चाकांमधलं अंतर दाखवलं. मागं ट्रॅक्टर, टेम्पो आणि एक वऱ्हाडाची जीप खोळंबली. लोक दोन भाषांत आमचा उद्धार करत होते. रैनूभाऊ मात्र ट्रॅक्टरवाल्याला विचारत होते, "माल का हाये?"

मग कोंबडी आली. नातवासाठी एक कोंबडी न्यायची होती, टोपलीत घालून मागच्या सीटवर. मागं बसणाऱ्याच्या विम्यात ती बसते का? मी म्हटलं, कोंबडी प्रवासी नाही. "मंग माल हाये का?" मालही नाही म्हटलं. "प्रवासी नाई, माल नाई, मंग नाक्यावर लिवाव का?" हे त्यांनी इतक्या कळवळून विचारलं की मी फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलनं "कोंबडी एक" असं लिहून दिलं. खोटं कशाला बोलू, लिहिल्यावर मलाही जरा बरं वाटलं.

पॉलिसी छापून आणली, तर शिक्का छापील निघाला. लाकडाच्या ओंडक्यावर हातोड्यानं ठसा मारतात, त्याशिवाय काहीही खरं मानायची त्यांना सवय नाही. मग मी माझा रबरी शिक्का दोनदा मारला, तो त्यांनी उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "गोल बरोबर उठला नाई."

असा एप्रिल गेला, अर्धा मे गेला. सुमनचे फोन यायचे आणि हे तिला हत्तीचं चालू आहे म्हणून सांगायचे. एके सकाळी त्यांनी विचारलं की पुलावर मधमाश्या उठल्या तर, आणि माझा तोल सुटला. मी पॉलिसी खाटेवर आपटली. "रैनूभाऊ, तुम्हाला जायचंच नाही. सरळ सांगा ना लेकीला! हत्तीला कशाला मधे घालता?"

मोठ्या माणसाला असं बोलायला नको होतं. ते पॉलिसीची घडी नीट करत बसले.

"सुमी गेली ना, तवा मीच होतो नाक्यावर," ते म्हणाले. "काळीपिवळी जीप आली. मी आत वाकून पाह्यलं. सात-आठ मानसं होती. सगळ्याईले इचारलं, कुठी चालले. सुमी कोपऱ्यात बसून होती, ओढनी घेऊन. तिले नाई इचारलं."

"का?"

"इचारलं असतं त तिनं खरं सांगतलं असतं. मंग दांडा खाली करा लागला असता." मग म्हणाले, "सोडून देल्ली जी. आन् मंग आठ वर्स रागावून राह्यलो. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही मी चहाबरोबर गिळले. एवढंच म्हटलं, "तिनं बोलावलंय ना भाऊ. हाच कागद समजा." दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोंबडीसकट निघाले. पोचूबाईनं मला येऊन सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. "बाबू, अपघात झाला."

"कुठं? तुम्ही बरे आहात ना?"

"अंगनात. गाडी उभी होती. नातू वर चढला, आरशाले लटकला. आरसा गेला. नातू शाबूत हाये."

मी कपाळावर हात मारला. "भाऊ, दीडशे रुपयांचा आरसा. तिथंच लावून घ्या."

"असा कसा? कागदावर लिवलं हाये, कंपनीचा सर्वेयर पाहेपर्यंत गाडीले हात लावाचा नाई." मग आवाज एकदम खाली आला. "गाडीच अटकली म्हनल्यावर मी तरी कसा निघू? सर्वेयर दुरून येते ना जी? एवढ्या उन्हात घाई नको करू म्हनाव त्याले."

आरशासाठी कंपनी चंद्रपूरहून माणूस पाठवत नसते. हे मला माहीत होतं, आणि पॉलिसी तोंडपाठ असलेल्या रैनूभाऊंनाही नक्कीच माहीत होतं. मी म्हटलं, "सर्वेयर रजेवर आहे. महिना-दीड महिना तरी लागेल."

तेवढ्यात फोन सुमनच्या हातात गेला. "दादा, बाबा म्हनते का सर्वेयर आल्याबिगर त्याईले निघता येत नाई. खरं हाये का हे?"

"खरं आहे बाई. नियम फार कडक आहे."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"त त्याले पाठवूच नका जी," ती हळूच म्हणाली. "आलाच त दुसरा आरसा मी फोडन."