हालिल काकांना आग्रह

लहूला सोमवारपर्यंत एक तुर्क हवा होता, तोही बोलणारा. जर्मनीत मजूर म्हणून गेलेल्या मुसलमानांना तिथल्या समाजानं कितपत सामावून घेतलं, हा त्याच्या पीएचडीचा विषय. गाईडनं बजावलं होतं, एक तरी जिवंत साक्षीदार आणा, नाहीतर फेलोशिप बंद. म्हणजे व्हिसा बंद, आणि अमेरिकेतल्या ॲन आर्बरहून थेट नागपूर.

नशिबानं गावातच आपल्या लेकीकडे राहायला आलेले हालिल काका सापडले. कोलोनच्या कारखान्यात वीस वर्षं हाडं झिजवलेले. लहूनं त्यांना रविवारी मुलाखतीला बोलवायचं, तर जेवायलाच बोलावलं.

"हलाल मटण कुठं शोधू या बर्फात?" त्याची बायको संघमित्रा म्हणाली. "पुरणपोळ्या करते. सेफ आहे."

टेप सुरू झाला. काकांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, कारण त्यांच्याकडे पानात टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. संघमित्रानं लगेच पोळी वाढली, कारण आपल्याकडे पाहुण्याचं रिकामं ताट म्हणजे घराची अब्रू गेली. काकांनी तीही संपवली. तिनं आणखी वाढली.

"यार, त्यांना बोलू दे ना," लहू कुजबुजला.

"मी कुठं तोंड धरलंय? काका, अर्धी तरी. तूप घ्या."

"काका, कोलोनला राहायला खोली कशी मिळाली?"

काकांनी भरल्या तोंडाकडे बोट दाखवलं.

टेपची एक बाजू 'अजून एक'नं भरली, मग दुसरी. काकांच्या पट्ट्याचं बक्कल उडून फ्रिजवर आपटलं म्हणतात. चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा, आणि काका तुपाच्या वाटीवर अलगद कलंडले.

हॉस्पिटलात लेक धावत आली. "त्यांना डायबिटीस आहे. बोलले नाहीत?"

"तेवढंच नाही," लहू म्हणाला, "काहीच बोलले नाहीत."

डॉक्टर मान हलवून गेले. लहू बाकड्यावर बसून राहिला. फेलोशिप मरू दे, आपण माणूस मारला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सोमवारी दुपारी काकांनी डोळे उघडले. "मशीन लाव," ते पुटपुटले. लहूनं बटण दाबलं.

"काका, एकदा तरी नको म्हणायचं ना," संघमित्राला रडू आवरेना.

काकांनी मान तिच्याकडे वळवली.

"वीस वर्षं राहिलो तिथं. शेजारी चांगले होते, रोज गुड मॉर्निंग म्हणायचे. जेवायला कुणीच बोलावलं नाही. नको म्हणायची प्रॅक्टिस कुठं करणार, पोरी?"