कारखान्यांचे माने सर

माने सर कुठल्याही कारखान्यात शिरले की नमस्कार करायच्या आधी मालकाला विचारतात, "बोला, दुखतंय कुठं?"

पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. एका रंगाच्या कारखान्याच्या मालकानं तर खरंच सदऱ्याची बाही वर करून त्यांना खांदा दाखवला होता. सरांनी तो नीट पाहिला, शेक घ्यायला सांगितलं आणि मग म्हणाले, "आता मशीनचं सांगा."

सर डॉक्टर आहेत, पण यंत्रशास्त्राचे. विद्यापीठ आणि कारखाने यांची गाठ घालून द्यायला आमच्याकडे एक कक्ष आहे, त्याचे ते प्रमुख. मी त्यांचा सहायक, म्हणजे त्यांच्या स्कूटरवर मागे बसणारा. सरांचे पूर्वज म्हणे इथल्या जुन्या संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. मकरपुऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्कूटरला गच्च धरून बसलेल्या माझ्यासारख्याला हे सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

करारांचं सरांना वावडं. शाल, पुष्पगुच्छ, फोटो आणि सह्या असा समारंभ दिसला की पुटपुटतात, "साखरपुडे झाले पुष्कळ. संसार एकाचाही दिसत नाही." त्यामुळे वरिष्ठ त्यांच्यावर नाराज. प्राध्यापक त्यांना पाहून वाट बदलतात, कारण सरांकडे कुणाचा तरी गळका व्हॉल्व्ह किंवा न वाळणारा रंग तयारच असतो.

किरीटभाईंचे खाकरे असेच आमच्याकडे आले. त्यांच्या कारखान्यात खाकरा भाजून निघेपर्यंत अखंड असे आणि डब्यात जाईपर्यंत त्याचा चुरा होई. आधी पिठाला दोष दिला, मग भट्टीला. आता पाळी पॅकिंगच्या बायकांची होती.

"साहेब, ह्या बेनलोक हलक्या हातानं भरतच नथी," किरीटभाई म्हणाले. "दिवाळी झाली की सगळ्यांना कायमची रजा देतो."

सर तडक काळेबाईंकडे गेले. बाई आमच्या विद्यापीठातल्या कंपनांच्या अभ्यासक. त्यांचे शोधनिबंध सातासमुद्रापार जात, बाई स्वतः मात्र प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडत नसत.

"बाई, खाकरा खाता ना?"

"खाते. का?"

"मग चला."

कारखान्यात बाईंनी पॅकिंगच्या टेबलावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. टेबल आणि शेजारच्या मशीनची मोटर एकाच लोखंडी सांगाड्यावर होती. टेबलावर रचलेल्या खाकऱ्यांना ती थरथर आतल्या आत तडे देत असणार, असं त्या म्हणाल्या. मोटरीखाली जाड रबर घालायला सांगितलं.

चार दिवसांनी गेलो तर चुरा वाढलेला! किरीटभाईंनी हात जोडले. "बेन, तुमचं रबर पाछं घेऊन जा."

बाहेर येऊन बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मी कागदावरच बरी, माने."

"कागदावरची चूक खोडावी लागते," सर म्हणाले. "इथली दुरुस्त करता येते." आणि उलट पावली आत गेले. "किरीटभाई, पहिल्या गोळीनं ताप उतरला नाही म्हणून कुणी डॉक्टर बदलतं का?"

"बदलतात ने!"

"बरं, मग एक आठवड्यानं बदला."

तो आठवडा बाई आपली उपकरणं घेऊन कारखान्यातच बसल्या. मोटर हळू चालवली, जोरात चालवली, एकेक नट सैल करून पाहिला. त्या रबरानं थरथर उलट टेबलाच्या बाजूला ढकलली होती. शेवटी सांगाडा कापायला लावला आणि टेबल स्वतःच्या पायांवर वेगळं उभं केलं. त्या दुपारी डबे अख्ख्या खाकऱ्यांनी भरले. किरीटभाई पॅकिंगच्या बायकांसमोर जाऊन उभे राहिले. "बेनो, वांक माझाच होता, तुमची काही चूक नव्हती," म्हणाले. बायका हसल्या. एक मात्र रडली.

किरीटभाईंना सरांच्या घरी खाकरे पोचवायचेच होते. सर म्हणत राहिले, "ऑफिसात द्या की." इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला कधी घरी बोलावलं नव्हतं. शेवटी रविवारी सकाळी किरीटभाई, काळेबाई आणि मी असे तिघंच, न सांगता, समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत जाऊन थडकलो.

दार उघडून सर क्षणभर तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "या." चहा त्यांनीच केला. वहिनी आमच्यासमोर येऊन बसल्या, हात पदराखाली. सर त्यांच्या शेजारी बसले आणि बोलत सुटले. रंगवाला, त्याचा खांदा, गळका व्हॉल्व्ह. आम्ही हसून बेजार. हसता हसता माझी नजर जरा बाजूला गेली. सरांच्या हातातली बशी वहिनींच्या ओठांशी होती. पदर सरकला होता आणि वहिनींचे दोन्ही हात मांडीवर एकसारखे थरथरत होते. आमची नजर तिकडे जाऊ नये म्हणून माणूस जीव तोडून गमती सांगत होता.

काळेबाईंनीही पाहिलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. "दोन वर्षं होतील. मला लाज वाटते म्हणून हे कुणाला घरी आणत नाहीत."

बाई उठल्या, वहिनींच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि सरांच्या हातातून बशी काढून घेतली. "तुम्ही तुमचा चहा प्या, माने," त्या म्हणाल्या, आणि वहिनींना विचारू लागल्या की साखर बरोबर आहे ना.

सरांचा कप टीपॉयवर तसाच होता, केव्हाचा निवलेला. त्यांनी तो उचलला आणि एकही गंमत न सांगता, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.